कलंडणारा बाक

या, जवळ या. दाराशी उभं राहून अर्ध्या कानाने ऐकायची ही गोष्ट नाही. गुडघ्याला गुडघा लागेल इतके सरका. आज सांगायचा आहे तो रविवार, ज्या दिवशी एका चांगल्या कामाने अख्खं घर हादरलं आणि एका फसलेल्या बाकाने ते सावरलं. ऐकून उठाल तेव्हा तुम्हीही गुणगुणत उठाल, एवढी माझी हमी.

बाकाची हकिकत तुम्हाला ठाऊक आहे, पण चांगली गोष्ट दोनदा सांगितली म्हणून झिजत नाही. बाबा आणि पॉलिशकाका, दोघे सख्खे भाऊ, दोघे खुर्च्यांचे सुतार. कारखान्यात त्यांनी पहिल्यांदा उपासना भरवली, तेव्हा प्रवचनाला बसायला एक बाक करायला घेतला. बाबांनी वरची फळी कापली, काकांनी खालचा सांगाडा केला. माप कोणी कोणाला विचारलं नाही. दोघांनाही वाटलं, भाऊ आहे, त्याला माहीत असणार. सांगाडा निघाला फळीच्या निम्मा. एका टोकाला एकटा माणूस बसला रे बसला, की बाक त्याला सरळ खाली टाकायचा.

काका नवा सांगाडा करायला निघाले होते. बाबा म्हणाले, "राहू दे. देवाचं वचन एकट्याने सांगायचंच नसतं."

तेव्हापासून तो रिवाज. आमच्याकडे प्रवचन गाऊन होतं. बाकाच्या एका टोकाला गाणारा, दुसऱ्या टोकाला झीलकरी. गाणाऱ्याला दम लागला, ओळ विसरली, की झीलकरी ती उचलून धरतो. आणि एक उठला की दुसरा पडतो, म्हणून 'आमेन' होईपर्यंत कोणी हलत नाही.

चाळीस वर्षं हे दोघे भाऊ असे बसले. मग ते छप्पर आडवं आलं.

बाबा पक्षाघात झालेल्या माणसाची बायबलमधली गोष्ट गात होते. चार मित्र त्याला खाटेवरून प्रभूकडे घेऊन निघाले इथपर्यंत ठीक; पुढे बाबा रंगात आले आणि गाऊन गेले, "दारातून आत नेला हो, दारातून आत नेला." झीलकऱ्याने ओळ उचलायची, तर काका मध्येच ओरडले, "दारातून नाही दादा, छपरातून! दारात तर गर्दी होती!" सगळी मंडळी हसली. हसण्यासारखंच होतं. पण बाबा भर उपासनेत म्हणाले, "तू झील धरायला बसलायस की मला पाडायला?" काका उठले. बाक कलंडला. बाबा भुशात बसले.

त्यानंतर तीन वर्षं काका उपासनेला आले नाहीत. पॉलिशचं दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. बाबांच्या खुर्च्या पॉलिशला तिकडेच जायच्या, पण चिठ्ठी चिकटवून. बाबा लिहायचे, 'गडद.' काका खुर्ची परत पाठवायचे, त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहून, 'लाकूड हलकं, गडद शोभणार नाही, मध्यम केलं.' आणि दर रविवारी बाबा बाकावर बसायचे ते दुसऱ्या टोकाला खिळ्यांची भरलेली लोखंडी पेटी ठेवून. तीन वर्षं बाबांचा झीलकरी कोण, तर खिळे.

*

त्या रविवारी सकाळी कारखाना उघडला थोरलीने. बाबांची थोरली मुलगी, वेताच्या बैठका विणणारी. बोटं अशी की वेत आपण होऊन वाकतो, आणि जीभ अशी की माणसंही वाकतात. केर काढायला म्हणून ती बाकाजवळ आली आणि झाडू तिथेच राहिला.

बाकाच्या दोन्ही टोकांखाली लोखंडी पाय होते. अँगलचे, काळा रंग दिलेले, सफाईदार. फळीला बोल्टने पक्के, आणि नट कधी सैल होऊ नयेत म्हणून प्रत्येक नटवर वेल्डिंगचा टाका.

थोरली एका टोकाला बसली. बाक जागचा हलला नाही. ती दुसऱ्या टोकाला बसली. तरी नाही.

"कसा वाटला?" मागून आवाज आला.

ठिणगी दारात उभी होती. धुतलेला सदरा, केस ओले, चेहरा असा की बक्षीस मिळायचंय. दोन वर्षांपूर्वी ही वेल्डरबाई कारखान्याच्या छपराचे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैच्या दुरुस्त करायला आली होती. खाली बाबा एकटेच गाण्याची तयारी करत होते. ही वर पत्र्यावर पालथी पडून ऐकत राहिली, काम सोडून. बाबांनी मान वर केली आणि म्हणाले, "वरून नीट ऐकू येतं का? नाहीतर खाली ये." ती आली ती राहिलीच. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी तिच्या भावाने निरोप धाडला, की आता आमचं दार तुला बंद. तेव्हापासून तिचा हत्यारांचा डबा थोरलीच्या वेताच्या भाऱ्याशेजारीच असायचा.

आज मात्र डबा दाराशी होता. दूरच्या जहाजांच्या कारखान्यात तिला काम मिळत होतं. राहायची सोय, सगळं. दुपारच्या गाडीने निघायचं की नाही, हे आज ठरणार होतं. कारण आज ती पहिल्यांदा बाकावर बसून गाणार होती. आमच्याकडे बाकावर बसला तो घरचा झाला, आणि आजवर बसले ते जन्माने घरचे नाहीतर लग्नाने. बाबांनी तिचं नाव काढलं तेव्हा थोरली म्हणाली होती, "मुलगी चांगली आहे. पण पाहुणी ती पाहुणी." धाकटा भाऊ उसळून म्हणाला होता, "मग मी बसतो तिची झील धरायला!" त्यावर गोष्ट मिटली होती.

"हे तू केलंस?" थोरलीने विचारलं.

"काल संध्याकाळी. सगळे गेल्यावर." ठिणगी खूश होऊन पुढे आली. "ताई, ती खिळ्यांची पेटी उचलताना बाबांची कंबर धरते. म्हटलं, हा बाक कलंडायचाच बंद करू. आता दहा माणसं एका टोकाला बसवा!"

थोरलीला ओरडायचं होतं. पण समोरच्या तोंडावरचा आनंद फार खरा होता. ती एवढंच म्हणाली, "वेडे, कोणाला विचारायचंस तरी."

*

विचारायला हवं होतं हे ठिणगीला कळलं ते धाकटा आल्यावर. हा लेथवर खुर्च्यांचे पाय कातायचा. मनाने लोणी, पण तापला की त्याला धरणं कठीण. आल्या आल्या त्याने बाकाखाली वाकून पाहिलं आणि त्याचे कानच लाल झाले.

"हे काय केलंस तू! अगं, चाळीस वर्षांचा बाक! तो कलंडतो म्हणूनच तो आमचा आहे!"

"भाऊ, मला वाटलं तो बिघडलाय."

"बिघडलाय? आम्ही काय इतकी वर्षं आंधळे होतो? सुतारांच्या घरात एक बाक दुरुस्त करता आला नसता?"

"हळू बोला," त्याची बायको म्हणाली. वहिनी गाद्यांच्या खोळी शिवायची; टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय, त्यामुळे भांडणातसुद्धा तिचा आवाज चढत नसे. "आणि तुम्ही कशाला चिडता? तुम्हाला आता झील धरायचीही गरज नाही. बाक पडणारच नाही."

ती म्हणाली गमतीने, पण धाकट्याला ते भलतीकडेच लागलं. "बरोबर. नाहीच गरज. मी नाही बसणार."

"अहो, मी तसं..."

"नाही बसणार! लोखंडाला म्हणावं धर झील."

ठिणगीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने दाराशी असलेल्या डब्याकडे पाहिलं. अगदी ओझरतं, पण थोरलीने ते टिपलं.

आणि इथे, मंडळी, वारं फिरलं बघा. दोन आठवडे 'पाहुणी, पाहुणी' म्हणणारी थोरली कमरेवर हात ठेवून धाकट्यासमोर उभी राहिली. "तू शब्द दिला होतास."

"ताई, तूच तर तिच्या विरुद्ध होतीस!"

"होते. पण मी विरुद्ध होते ती तोंडावर होते. तू बाजूने होतास आणि एका बोल्टवर फिरलास. लाकूड कातताना ते फिरतं. माणसाने फिरायचं नसतं."

वहिनीने टाचण्या ओठांतून काढल्या. "ताईंचं खरं आहे," ती नवऱ्याला म्हणाली. धाकटा धुसफुसत लेथमागे जाऊन बसला. मंडळी यायला लागली होती. खुर्च्या भरत होत्या, जो तो बाकाकडे बघून शेजाऱ्याच्या कानाला लागत होता.

"मी जाते," ठिणगी हळूच थोरलीला म्हणाली. "मला वाटलं होतं, एक वस्तू तरी या घरात माझ्या हातची असावी."

"बस तिथे," थोरली म्हणाली. "बाबा येईपर्यंत कोणी कुठे जात नाही."

*

बाबा आले. सवयीने खिळ्यांची पेटी उचलायला वाकले, आणि मग त्यांना लोखंड दिसलं.

भिंतीवरच्या करवती काय त्या तेवढ्या हलत होत्या. बाबा बाकाच्या टोकाला बसले. थोडे डुलले. मुलासारखे दोनदा उडून पाहिले. बाक ढिम्म.

"पोरी," ते म्हणाले, "का केलंस?"

ठिणगी उभी राहिली. हात मागे घेतलेले, जळल्याचे जुने डाग लपवल्यासारखे. "बाबा, तुमच्या शेजारी ती पेटी बघवत नव्हती. तुम्ही ओळ विसरता, पेटीकडे बघता, ती काही बोलत नाही. म्हटलं, निदान पडायची भीती तरी नको."

बाबांनी टाक्यांवरून अंगठा फिरवला. काम निर्दोष होतं. सुताराच्या अंगठ्याला लोखंडातलंही कळतं. आणि त्यांना आतून काहीतरी बोचायला लागलं. या पोरीने एका संध्याकाळी केलं ते आपण तीन वर्षं करत आलो. हिने अँगल लावले, आपण खिळे ठेवले. हिने आल्यापासून खिळेच पाहिले, हिला रिवाज माहीत नव्हता. आपल्याला होता.

ते उठले आणि मंडळीकडे वळले. "तुम्ही सगळे या मुलीकडे बघताय. इकडे बघा. हा बाक हिने नाही मोडला, मी मोडला. माझा भाऊ बसायचा तिथे मी खिळे बसवले, आणि वर तोंड करून प्रेमावर प्रवचनं गायली. हिने बिचारीने माझ्या पापाला फक्त रंग दिला." मग त्यांनाच हसू आलं. "आणि छपरातूनच नेला होता! छपरातूनच! ज्या रात्री भांडलो त्याच रात्री मी पुस्तक उघडून पाहिलं होतं!"

आणि आमचे पंच्याहत्तरीचे बाबा वहाणा न घालता रस्ता ओलांडून गेले.

सगळी मंडळी दाराशी लोटली. पॉलिशचं दुकान उघडंच होतं, दर रविवारी असायचं. आत काका स्टुलावर बसलेले, हातात कोरडं फडकं, समोर चकचकीत झालेली खुर्ची. तीन वर्षं दर रविवारी हा माणूस पॉलिश झालेली खुर्ची पुसत बसायचा, का, तर आपलं गाणं रस्त्यापलीकडून तेवढं ऐकू येतं.

"छपरातून," बाबा म्हणाले.

काकांनी फडकं खाली ठेवलं. "कळलं का? तीन वर्षं लागली."

"मला माफ कर."

"मी उठायला नको होतं, दादा. पडलास तेव्हा लागलं का रे?"

"बसायला सहा महिने त्रास झाला."

"मग खुर्च्यांना गाद्या मऊ घालायला लागलास तेव्हाच मला संशय आला," काका म्हणाले, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून असे रडले-हसले, की इकडे वहिनीच्या टाचण्या जमिनीवर सांडल्या आणि कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच.

*

काका कारखान्यात आले, बाकाखाली वाकले, चष्मा वर केला. "काम कोणाचं? सुंदर आहे. काढा."

"नटवर टाके आहेत," ठिणगी म्हणाली. "कापावे लागतील."

"मग काप! आम्हाला काय येतंय लोखंडातलं?"

"ग्राइंडर बाहेर!" थोरली ओरडली. "भुशात ठिणग्या पाडायच्या नाहीत, आधीच एक आहे!"

चौघांनी बाकाची चार टोकं धरून तो अंगणात नेला. ठिणगीने लाकडावर ओली गोणपाटं गुंडाळली, गॉगल लावला, आणि ग्राइंडर किंचाळला. उपासनेला आलेली शंभर माणसं अंगणात अर्धवर्तुळ करून उभी, पुढची पोरं कानांवर हात ठेवून नाचतायत, ठिणग्यांचा पट्टा फुलतोय. एकेक अँगल सुटून पडला की मंडळी ओरडत होती, "एक! दोन!" चौथा पडला तेव्हा कोणीतरी "आमेन!" म्हणालं आणि शेजारच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या.

बाक आत आला. धाकट्याने एका टोकाला बोट टेकवलं. दुसरं टोक उचललं गेलं. काय आनंद झाला सांगू! मोडकी वस्तू परत मोडली म्हणून इतकी माणसं हसताना मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

"हं. बस, पोरी," बाबा म्हणाले. ते स्वतः काकांना घेऊन खाली सतरंजीवर बसले होते, खांद्याला खांदा लावून.

ठिणगी बाकाजवळ गेली. दुसरं टोक रिकामं. धाकटा उठायला निघाला होता, पण शरमेने त्याचा पाय अडखळत होता. आपण जे बोललो ते बोलल्यावर कुठल्या तोंडाने बसायचं? ठिणगीने त्याच्याकडे पाहिलं नाही. कोणाकडेच नाही. आयुष्यभर ती जशी उभी राहिली होती तशीच ती बसली, दोन्ही टाचा जमिनीत रोवून, सगळा भार स्वतःच्या पायांवर घेऊन. बाक पडू द्यायचा नाही. गाऊन टाकायचं, डबा उचलायचा, गाडी गाठायची.

तिने कुठली गोष्ट निवडली होती हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. निवडली तेव्हा भांडणाचं कारण तर तिला माहीतही नव्हतं. ती आवाज लावून गाऊ लागली:

"चौघे होते, चार टोकं,
एकाच्याने काय होणार?"

सतरंजीवर काकांनी बाबांचा हात गच्च धरला.

"छप्पर उघडा, दोर सोडा..."

आणि इथे तिच्या टाचेखालचा भुसा सरकला. पाय निसटला, बाकाचं दुसरं टोक वर उठलं, ठिणगीचा हात हवेत, ओळ तोंडात अर्धी.

धप्प!

थोरली बसली होती. ती काही ठरवून बसली नाही. नंतर तिने शपथेवर सांगितलं, की टोक वर जाताना दिसलं आणि तिचे पाय धावले. उठलेल्या फळीवर ती अंगाच्या सगळ्या भारानिशी आदळली, बाक समतोल झाला, आणि ठिणगी तिच्या जागी नीट बसती झाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ठिणगीचे डोळे भरले होते. पुढची ओळ तिच्या गळ्यातून निघेना. ती ओळ सगळ्यांच्या पाठातली होती, 'आमचा भाऊ खाली येणार.'

झीलकऱ्याचं काम ओळ जशीच्या तशी उचलायचं. चाळीस वर्षांत ती कोणी बदलली नव्हती. थोरलीने वर पाहिलं, छपराच्या त्या लोखंडी कैच्यांकडे, जिथून दोन वर्षांपूर्वी एक मुलगी पालथी पडून गाणं ऐकत होती. आणि तिने तोंड उघडलं:

"छप्पर उघडा, दोर सोडा,
आमची बहीण खाली येणार!"

मग काकांनी ती ओळ उचलली, बाबांनी उचलली, धाकट्याने लेथच्या फळीवर ठेका धरला, वहिनी रडत रडत गाऊ लागली, आणि सगळा कारखाना, शंभर गळे, भिंतीवरच्या करवतींसकट: आमची बहीण खाली येणार! ठिणगीने पुढचं कडवं घेतलं तेव्हा तिच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या. तिने पाय हलके सोडले होते, पाळण्यात सोडतात तसे. प्रभूने त्या आजाऱ्याचा नव्हे, त्याला आणणाऱ्या चौघांचा विश्वास पाहिला, असं ती गात होती, आणि प्रत्येक कडव्यानंतर थोरली झील धरत होती. जरा बेसूर, पण घट्ट.

आमेन झालं तरी दोघी उठेनात. "तू आधी उठ," थोरली म्हणाली. "तुम्ही उठा, ताई." "मी उठले तर तू पडशील." "मग राहू दे." दुपारची गाडी गेली तेव्हा त्या तिथेच बसलेल्या होत्या. हत्यारांचा डबा धाकट्याने स्वतः उचलून वेताच्या भाऱ्याशेजारी ठेवला आणि झाकणावर हात फिरवला.

पुढे ठिणगी हा बाक घेऊन गावोगाव गायली, ते तुम्ही जाणता. तिचं गाणं ऐकून कितीजण तिच्यासारखे खाली उतरले त्याची मोजदाद प्रभूकडे. पण ती जिथे जिथे गायली, तिथे बावीस वर्षं बाकाच्या दुसऱ्या टोकाला एकच बाई होती, वेत विणून बोटं सोललेली, सूर कधीच नीट न लागलेली. बाक आजही आहे. गाणाऱ्याच्या टोकाला लाकूड थोडं झिजलंय. दुसऱ्या टोकाला खोलगट जागा पडलीय, माणसाच्या आकाराची.

तेव्हा आज प्रार्थनेला बसाल, तर ठिणगीसाठी मागणारे पुष्कळ आहेत. तुम्ही आमच्या थोरलीची आठवण ठेवा.